परका अणू, बंद गिरणी

२८ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

पुण्याचं हॉस्टेल सुटलं. फेलोशिप संपली की खोलीही संपते, हे नियमात लिहिलेलं होतं. मीच वाचलं नव्हतं. दोन बॅगा, लॅपटॉप आणि अर्धवट प्रबंध घेऊन गावी आले. सास्तूरच्या फाट्यावर अप्पा टीव्हीएस घेऊन उभे होते. "आलीस?" म्हणाले. "आले," म्हटलं. घरी पोचेपर्यंत आमचं एवढंच बोलणं झालं.

१५ जानेवारीच्या आत प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द आणि सहा वर्षं पाण्यात. वय तीस, लग्न नाही, नोकरी नाही, आणि आता डिग्रीचाही पत्ता नाही. गावाला चघळायला एवढं पुरेल. नाव तर आधीपासूनच पुरतंय. भूकंपानंतरच्या वर्षी पत्र्याच्या शेडमध्ये मी जन्मले, तेव्हा मदतीला आलेल्या कुठल्याशा परदेशी नर्सचं नाव मोनिका होतं. अव्वानं, म्हणजे आईनं, तेच ठेवलं. लिंगायताच्या घरात शिवलीला, श्रीदेवी सोडून मोनिका.

अव्वाला जाऊन दोन वर्षं झाली. अचानक गेली, हृदय बंद पडून. मी पुण्याहून आले तोवर आमच्या रीतीप्रमाणं तिला मूठमातीसाठी बसवून फुलं घातली होती. कसं झालं ते अप्पांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिच्याशिवाय या घरात इतके दिवस राहायची ही माझी पहिलीच वेळ. घर पुनर्वसनातलं, दोन खोल्यांचं. पुढं पत्र्याची शेड काढून त्यात अप्पांनी पिठाची गिरणी घातलीय. मागची खोली मला दिलीय, अव्वाची.

३० नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सातला गिरणीचा पट्टा फिरायला लागतो तो दुपारी वीज जाईपर्यंत. भिंत थरथरते, टेबल थरथरतं, मी थरथरते. एक समीकरण चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा चुकलं.

जेवताना म्हणाले, "अप्पा, या आवाजात माणूस जगतं तरी कसं?"

सहज म्हणाले होते. अप्पांनी भाकरीचा तुकडा हातात धरून ठेवला, तोंडात घातला नाही. मग ताट तसंच ठेवून उठले. त्यांच्या पोटापाण्याच्या धंद्याला नावं ठेवली असं वाटलं असणार. आल्या आल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

२ डिसेंबर, सोमवार

देव पावला. गिरणी बंद आहे.

"पट्टा तुटलाय," अप्पा म्हणाले.

"नवा कधी येणार?"

"सांगितलाय सोलापूरला. येईल कवातरी."

दिवसभर शांत. पण अप्पांना करमत नाही. बंद गिरणीत, आतल्या दाराला लागून पोतं टाकून बसतात. मी जरा खोकले तरी मान वळवून बघतात. माझा खोकलाही त्यांना जड झालाय.

४ डिसेंबर, बुधवार

शेजारची बानूबाई हल्ली दुपारची आमच्या ओट्यावर येऊन बसते. तूर निवडते, लसूण सोलते आणि मध्येच डोकावते. आज विचारलं, "बाई, तू शिकतीस तरी काय इतकं?"

मी म्हटलं, सांगूनच टाकू. "मावशी, एका जातीचे लाख अणू घ्यायचे. अणू म्हणजे कशाचाही बारीकात बारीक कण. ते इतके गार करायचे की त्याहून गार जगात काही नसतं. मग ते वेगवेगळे राहत नाहीत. सगळे मिळून एकच असल्यासारखे वागतात. आणि त्यांच्यात दुसऱ्या जातीचा एकच अणू सोडायचा. त्याचं काय होतं, ते मी हिशोबानं काढते."

"परका सोडायचा? कशापायी?"

"बघायला. त्याला भेसळ म्हणतात आमच्यात."

बानूबाईचा चेहरा उजळला. "मंग सरळ सांग की, भेसळीचा पेपर हाय म्हणून!" संध्याकाळपर्यंत आळीत पक्कं झालं की शांतलिंगाची पोरगी भेसळखात्यात साहेब होणार. खवा विकणारा आज मला दोनदा नमस्कार करून गेला.

७ डिसेंबर, शनिवार

वाईट दिवस. मॅडमची मेल आली. मॅडम म्हणजे माझ्या गाईड. परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं हाच प्रयोग खरोखर करून आकडे छापलेत. परक्या अणूची बाकीच्यांवरची ओढ कमी असते तिथं माझं गणित जुळतं. ओढ वाढवली की माझं उत्तर एकीकडं आणि त्यांचं मोजमाप दुसरीकडं. मॅडमनी लिहिलंय, शेवटचं प्रकरण असं पाठवता येणार नाही, चूक शोध.

चूक! सहा वर्षं मी हे गणित अंगाखांद्यावर खेळवलंय. त्या लाख अणूंचा वायू एवढा मोठा, परका अणू एकटा. तो आपला आत फिरतो आणि जाता जाता थोडी लाट उठवतो. बाकी वायू जसाच्या तसा. एकामुळं लाखांना काय फरक पडणार? पहिल्या पानावर मी हेच गृहीत धरलंय आणि ते कुणीही मान्य करेल.

रडू आलं. अव्वा असती तर काही न कळता पाठीवरून हात फिरवला असता. शेडमध्ये अप्पा होते, पण त्यांना काय सांगणार?

११ डिसेंबर, बुधवार

गावात लग्न होतं, गोरोबाच्या थोरल्याचं. वरात आमच्या आळीतून निघाली. बँड दणक्यात वाजत आला आणि आमच्या घराच्या आधीच बंद पडला. तेरखेड्याहून आणलेले फटाके पोरांनी हातातच धरले. सगळी वरात खाली माना घालून मुकाट्यानं आमच्या दारावरून गेली. मारुतीच्या पाराशी पोचल्यावर बँड आणि फटाके एकदमच सुटले.

मी खिडकीत होते. मला बघून नवरदेवाच्या बहिणीनं तोंडावर बोट ठेवलं.

म्हणजे आता आमच्या दारात आनंद करायचीही लोकांना भीती वाटते. आई गेलेलं घर, आत बिनलग्नाची पोर. अपशकुन नको म्हणून तोंडं मिटून जातात. पुण्यात निदान कुणी ओळखत नव्हतं. इथं सगळे ओळखतात आणि तरी मी एकटी. हे जास्त लागतं.

१७ डिसेंबर, मंगळवार

अप्पांचं काय चाललंय कळत नाही. दुपारी बानूबाई येऊन बसली की ते टीव्हीएसला पुढं-मागं पत्र्याचे डबे बांधून निघतात, ते दिवस मावळायला येतात. भुवया पांढऱ्या, कानात पीठ.

"कुठं गेला होतात?"

"सास्तूरला. ईरण्णाच्या गिरणीवर."

आपली गिरणी बंद पडली म्हणून दुसऱ्याच्या गिरणीवर जाऊन बसतात. जातिवंत गिरणीवाला! घरात पोटची पोर बोलायला माणूस नाही म्हणून तडफडतेय, आणि यांना पिठाचा वास हवा. पट्ट्याचं विचारलं तर म्हणतात, "येईल." सोलापूरहून पट्टा काय बैलगाडीनं यायचाय?

२४ डिसेंबर, मंगळवार

सापडली!

चूक हिशोबात नव्हती, पहिल्या पानावरच होती. वायू जसाच्या तसा राहतो हे गृहीतच खोटं. ओढ वाढली की परक्या अणूभोवतीचा वायू आपली जागा सोडतो. जवळचे अणू त्याच्याकडं झुकतात, त्यांच्यासाठी मागचे सरकतात आणि दाटी पार लांबवर बदलत जाते. परका अणू एकटा उरतच नाही. तो ती सगळी दाटी अंगावर घेऊन चालतो, म्हणून जड होतो. मी नुसत्या त्या एका अणूकडंच बघत बसले होते. वायूला वाकायची मुभा दिली आणि आकडा मोजमापाच्या शेजारी येऊन बसला.

साधी गोष्ट, आणि सहा वर्षं दिसली नाही! इतका मोठा बदल भोवती घडत असताना तो न दिसणारी मी कसली शास्त्रज्ञ?

मॅडमना फोन केला. त्या घाईत होत्या, "व्हेरी गुड" म्हणून ठेवून दिला. दुसरं सांगायला कुणी नव्हतं. बाहेर ओट्यावर बानूबाई बसल्या जागी डुलकी घेत होती. तिला उठवून काय सांगू? दोन चमचे साखर खाल्ली आणि कामाला लागले.

३० डिसेंबर, सोमवार

आज येळवस, वेळा अमावास्या. आजच्या दिवशी आमच्याकडं गावात माणूस थांबत नाही. ज्याला रान आहे तो आपल्या रानात जातो, ज्याला नाही त्याला दुसरा बोलावतो. आम्हाला रान नाही. अप्पा दरवर्षी बानूबाईच्या रानात जातात. सकाळी सगळी आळी भज्जीची, म्हणजे भाज्या-दाण्यांच्या कालवणाची पातेली, बाजरीचे उंडे आणि आंबिलाची बिंदगी, म्हणजे घागरी, डोक्यावर घेऊन निघाली. बानूबाई ओट्याशी थांबली. "येत न्हाईस?"

"काम आहे मावशी."

अप्पा उंबऱ्यात घुटमळले. "म्या बी थांबतो मंग."

"तुम्ही कशाला? जा की. मला काय कुणी खातंय?" जरा चढ्या आवाजातच बोलले. बानूबाईनं त्यांच्या दंडाला धरलं. "चला, घासभर खावा अन् माघारी या." ते गेले, पण वळणापर्यंत दहादा मागं बघत.

मग गाव रिकामं झालं. कुत्रीसुद्धा रानात गेली होती. एवढी शांतता मीच मागितली होती, पण ती आली तेव्हा टेबलाशी बसवेना. भूक लागली. पिठाचा डबा रिकामा होता, म्हणून शेडमध्ये पीठ शोधायला गेले.

गिरणीवर चादर होती. ती ओढली. पट्टा जागच्या जागी होता, धडधाकट, तुटल्याची खूणही नाही. बटण दाबलं तर गिरणी सुरू झाली.

डोक्यात तिडीक गेली. महिनाभर खोटं! अव्वा गेल्यापासून अप्पांनी हातपाय गाळलेत, काम नको झालंय आणि पट्ट्याच्या नावानं चाललंय, हे मला तिथं उभ्या उभ्या पटलं. बटण बंद केलं, चपला घातल्या आणि तडक रानात निघाले. त्यांना खडसावूनच विचारणार होते.

बानूबाईच्या हरभऱ्यात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, केली होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पूजेचे पाच पांडव, मांडले होते. तिचा नातू आंबील शिंपडत "ओलग्या ओलग्या सालम पलग्या" अशी येळवशीची आरोळी ठोकत पिकातून धावत होता. मला बघून त्याची आई त्याच्यावर खेकसली, "गप! मोनिकाताई आलीय!" पोरगं जागच्या जागी थांबलं. बसलेली सगळी माणसं हळू आवाजात बोलायला लागली. मी खडसावायला आले होते ते विसरलेच.

"असं का करता सगळे?" मी विचारलं. "माझा एवढा विटाळ वाटतो का?"

"अग्गं बाई!" बानूबाईनं माझ्या हातात पत्रावळ दिली. "विटाळ कशाचा? पेपर हाय न्हवं तुझा? शांतलिंगाप्पानं घरोघर जाऊन सांगितलंय, पोरीच्या कानावर आवाज नगं म्हणून. गोरोबानं लेकाच्या वरातीचा बँड बंद केला, तो काय उगा? देवळातला भोंगा बी तुझ्यापायी उलटा फिरवलाय." मग हात नाचवत म्हणाली, "आता येवडं सांग, पेपर कवा सुटायचा? म्हैनाभर आमी ईरण्णाचं भरड पीठ खातोय. तुझा बाप डबे नेतो, तिथं उभा राहून दळतो, घरोघर पोचवतो. पर ईरण्णाच्या दगडाला काय आपल्या दळणाची सर हाय?"

सगळे हसले. मी भज्जीत भाकरी कुस्करत राहिले. महिनाभर मी या वहीत काय काय लिहिलंय! सगळं गाव माझ्याभोवती सरकत होतं आणि मी खिडकीत बसून कुढत होते. लाज वाटली, आणि लाजेच्या पोटात कुठंतरी बरंही वाटलं.

परत येताना अप्पा आणि मी दोघंच होतो. ऊन उतरलं होतं.

म्हटलं, "अप्पा, उद्यापासून गिरणी चालू करा. मी कानात कापूस घालीन. माझ्या अभ्यासापायी गावाला कशाला त्रास?"

त्यांनी चपलेतला खडा झटकला. मग म्हणाले, "अभ्यासापायी म्हणून सांगितलं लोकास्नी. दुसरं काय सांगायचं?"

"मग कशापायी?"

"तुझी आई मागल्या खोलीत पडली तवा गिरणी चालू व्हती. लगीनसराईचं दळण, म्या मान बी वर केली न्हाय. तिनं हाका मारल्या. बानूबाईला परसात ऐकू आल्या. तिला वाटलं, नवऱ्याला हाक मारतीय, जाईल त्यो. म्या गेलोच न्हाय. पायलीभर दळून आत गेलो तवा गार पडत चालली व्हती. तू आलीस अन् त्याच खोलीत बसलीस. दोन दिस चालवली गिरणी. मंग न्हाय चालवता आली. तू हाक मारलीस तर मला ऐकू याया पायजे. म्या सास्तूरला गेलो तर बानूबाई बसती. तिला बी तेच लागून राह्यलंय."

त्यांचा हात धरावा असं वाटलं. आमच्यात तशी पद्धत नाही, पण धरला. त्यांनी घरापर्यंत सोडवून घेतला नाही.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

तोडगा काढला. ऐकू येत नसेल तर दिसलं म्हणजे झालं. टेबल शेडमध्ये आणून टाकलं, अप्पांच्या अगदी समोर, आणि म्हटलं, "आता लावा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, बटणाकडं बघितलं आणि लावली. तासाभरात डब्यांची रांग लागली. लॅपटॉपवर पीठ, केसात पीठ. डोकं इतकं दुखतंय की दोन गोळ्या घेतल्या. लिखाणाचा वेग निम्म्यावर आलाय. दर थोड्या वेळानं अप्पा मान वर करतात, मी हात हलवते, ते परत दळायला लागतात.

१० जानेवारी, शुक्रवार

प्रबंध पाठवला. शेवटचा आलेख मोजमापावर नीट बसलाय. मॅडमनी लिहिलं, परक्या अणूभोवती वायू कसा वाकतो याचं वर्णन फार जिवंत उतरलंय, हे कुठून सुचलं? सुचलं नव्हतं मॅडम, आकडेमोड करून काढलं होतं. नंतर इथं बघितलं. पण असं काही मेलमध्ये लिहिता येत नाही, म्हणून नुसतं "थँक यू" लिहिलं.

बानूबाईनं गूळ वाटला. भेसळखातं आता कधी बोलावणार, विचारत होती.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. उद्या सकाळच्या गाडीनं पुणे. मैत्रिणीकडं राहीन, तोंडी परीक्षेची तारीख येईपर्यंत शिकवण्या घेईन. जायला हवं. इथं राहून काय करू? आणि तरी बॅग भरताना प्रत्येक कपडा दोनदा घडी घातला.

टेबल परत मागच्या खोलीत नेलं. अप्पा गिरणीच्या तोंडाची कापडी पिशवी बांधत होते. विचारलं, "मी गेल्यावर गिरणीचं कसं?"

"कसं म्हंजी? दिवसभर चालू. घरात कोण हाय हाक मारायला?"

अगदी साधं बोलले आणि बटण दाबलं. कुणाची तरी ज्वारी ओतली.

मी आत गेले. अव्वाच्या खोलीत मधोमध उभी राहिले आणि हाक मारली, "अप्पा!" मग आणखी मोठ्यानं. मग बेंबीच्या देठापासून ओरडले, घसा फाटेपर्यंत. दारातून डोकावून बघितलं. त्यांची पाठ होती, हात चाळणीवर. त्यांना काहीही कळलं नव्हतं.

जवळ जाऊन त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "अप्पा, मी आतून तीनदा ओरडले. सगळा जोर लावून. तुम्हाला ऐकू आलं नाही. इथं उभ्या असलेल्या कुणालाच आलं नसतं. तुमची चूक नव्हती."

त्यांनी बटण बंद केलं. दगड फिरता फिरता थांबला. मला वाटलं, आता काही बोलतील, निदान सुटल्यासारखं वाटेल त्यांना. त्यांनी हातावरचं पीठ धोतराला पुसलं आणि घाबऱ्या घाबऱ्या माझ्याकडं वळले.

"हाक मारलीस? काय पायजे व्हतं?"

मला काहीच नको होतं. पण ते तसेच उभे राहिले, दळण तसंच टाकून, मी सांगायची वाट बघत.

"पाणी," मी म्हटलं.

ते लगबगीनं आत गेले. माठातला तांब्या काठोकाठ भरून दोन्ही हातांनी धरून आणला. मी सगळा प्यायले. तो रिकामा होईपर्यंत ते समोर उभे होते.